मैत्रीचे सीमोल्लंघन

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर सरस्वती रेखाटली गेली असेल. शस्त्रे, अवजारे, यंत्रे आणि वह्या-पुस्तके यांची पूजा झाली असेल. आणि सायंकाळी आपट्याची पाने हाती घेऊन मुलेबाळे थोरामोठ्यांस नमस्कार करावयास निघतील. ज्या दिवशी आपण शस्त्र पूजितो त्याच दिवशी वर्षभराचे रुसवेफुगवे विसरून एकमेकांस आलिंगन देतो. हा योग विलक्षण खरा. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने त्याचे नवल आपणांस वाटेनासे झाले आहे. ते नवल पुन्हा जागे करील अशी एक घटना १९६६ च्या आश्विनात घडली. तिचे स्मरण आजच्या दिवशी करावे, असे आम्हांस वाटते.

त्या वर्षीच्या २३ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्रदिनाच्या निमित्ताने, न्यूयॉर्क येथील आमसभेच्या सभागृहात श्रीमती एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन झाले. इकडे आपल्याकडे आश्विन शुद्ध पक्ष चालू होता. नवरात्र-दसऱ्याचेच ते दिवस. कांजीवरम साडी नेसलेली, कपाळी कुंकू आणि केसांत मोगरा माळलेली पन्नास वर्षांची एक दाक्षिणात्य गृहिणी सातासमुद्रांपलीकडे जाऊन बसली आणि राष्ट्राराष्ट्रांच्या प्रतिनिधींपुढे संस्कृतात गायली. सीमोल्लंघन म्हणावयाचे तर याहून मोठे कोणते?

काळ कसा होता हे ध्यानात घेतले पाहिजे. व्हिएतनाममध्ये युद्धाचा वणवा पेटला होता. आपल्या देशाने चार वर्षांपूर्वी चीनचे आक्रमण सोसले होते, आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धाला पुरते दीड वर्षही लोटले नव्हते. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद येथे करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी तेथेच देह ठेवला. ज्या देशाच्या घराघरांतून नुकतेच जवान कामी आले होते, त्या देशाची ही प्रतिनिधी. तिने तक्रार मांडली नाही की बाजूही मांडली नाही. त्या सभागृहात बाजू मांडणारे पुष्कळ होते.

सुब्बुलक्ष्मींचा जन्म १६ सप्टेंबर १९१६ चा, मदुराईचा. आई षण्मुखवडिवू वीणावादनात निपुण. देवळाच्या सेवेत नृत्य-संगीत वाहणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेत त्यांचे घराणे मोडत असे. त्या स्त्रियांचे गाणे देवाला चालत होते, पण त्यांना समाजाच्या पंक्तीत स्थान नव्हते. आमच्या धर्मनिष्ठ वाचकांनी हा विरोध डोळ्यांआड करू नये. ज्या परंपरेला आपण कमी लेखले, तिनेच जगाच्या व्यासपीठावर आपल्या धर्मातील सर्वांत उदात्त विचार नेऊन पोहोचविला. शालेय शिक्षण बेताचे. तरीही संस्कृत उच्चार इतके शुद्ध की भल्याभल्या वैदिकांनी कान टवकारावेत. एकेका शब्दासाठी जाणत्यांपुढे बसून त्या किती मेहनत घेत, याच्या आठवणी दक्षिणेत आजही सांगितल्या जातात. महाराष्ट्रातल्या अनेक घरांची सकाळ त्यांच्या वेंकटेश सुप्रभाताने उजाडते. त्या ध्वनिमुद्रिकेचे मानधन त्यांनी तिरुमला-तिरुपती देवस्थानच्या वेदपाठशाळेस वाहिले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

शांततेच्या कार्याशी या स्वराचा संबंध त्याहीपूर्वीचा. १९४७ साली, देशाच्या फाळणीने रक्ताचे पाट वाहत असता, महात्माजींना मीरेचे एक भजन सुब्बुलक्ष्मींच्याच कंठातून ऐकावयाचे होते. त्यांच्यासाठी ते ध्वनिमुद्रित झाले. पुढे ३० जानेवारी १९४८ नंतर आकाशवाणीवरून तेच भजन लागले, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांची शुद्ध हरपली, असे सांगतात.

न्यूयॉर्कच्या त्या मैफलीसाठी दोन प्रार्थना मुद्दाम रचल्या गेल्या होत्या. एक राजाजींनी लिहिलेली इंग्रजी प्रार्थना. दुसरी संस्कृत, ‘मैत्रीं भजत’ या नावाने ओळखली जाणारी. तिचे कर्ते कांचीचे परमाचार्य श्री चंद्रशेखरेंद्र सरस्वती. वयाच्या तेराव्या वर्षी, १९०७ साली, पीठावर बसलेले आणि पुढे आयुष्यभर पायी हिंडलेले हे यतिवर. १९८० च्या सुमारास त्यांची पदयात्रा महाराष्ट्रातूनही झाली. साताऱ्याचे नटराज मंदिर त्यांच्याच इच्छेतून उभे राहिले. ज्यांनी संन्यासधर्माला अनुसरून समुद्र ओलांडला नाही, त्यांचे शब्द समुद्रापार गेले ते एका गृहस्थाश्रमी स्त्रीच्या मुखाने.

आणि त्या शब्दांना चाल लावली ती आपल्या वसंत देसाई यांनी! सावंतवाडी संस्थानात जन्मलेला, ‘प्रभात’मध्ये वाढलेला, ‘अमर भूपाळी’चा हा संगीतकार. ‘दो आँखे बारह हाथ’मधील (१९५७) त्यांची प्रार्थना देशभरच्या शाळांतून म्हटली जाते, पण कांचीच्या आचार्यांचे शब्द आणि मदुराईच्या गायिकेचा गळा यांना जोडणारा धागा कोकणातून आला होता, याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. चाल अगदी साधी. आरंभ आपल्या ओळखीच्या यमनाच्या अंगाने जाणारा. मोठ्या जनसमुदायाने एकदा ऐकून गुणगुणावी अशी रचना करण्यात देसाईंचा हातखंडा होता. परक्या कानांना शास्त्रीय संगीताचा धाक न वाटता ते गाणे जवळचे वाटावे, हे त्यांनी अचूक साधले. ते १९७५ साली निवर्तले.

आता गाण्याच्या अर्थाकडे वळू. शांततेचे गीत म्हणून ज्याची ख्याती झाली, त्यात ‘शांती’ हा शब्द मुळी नाहीच! आम्ही हे प्रथम ध्यानात घेतले तेव्हा थोडे चकित झालो. गाण्याचा आरंभ होतो तो मैत्रीने. साऱ्यांची हृदये जिंकून घेणाऱ्या मैत्रीची उपासना करा, असे सांगून. मग दुसऱ्यास आपल्यासारखेच पाहण्याची गोष्ट येते. युद्ध सोडा, हे त्यानंतर. आणि त्याला लागूनच स्पर्धा सोडा, दुसऱ्याच्या वस्तूवर अन्यायाने झडप घालणे सोडा, असा उपदेश. पृथ्वी ही सर्वांच्या इच्छा पुरविणारी कामधेनू अशी आई, आणि परमेश्वर हा सर्वांवर दया करणारा पिता; मग भांडण कशासाठी? एवढे झाल्यावर सकल जनांच्या कल्याणाची इच्छा व्यक्त होते.

हा क्रम आकस्मिक नाही. युद्धबंदीचे करार करणारे राजकारणी पुरुष शस्त्र खाली ठेवण्यापासून आरंभ करतात आणि मैत्री झाली तर झाली, असे म्हणतात. आचार्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. परक्यात आपण दिसू लागलो की युद्ध गळून पडावे, अशी ती मांडणी. अद्वैत शिकविणाऱ्या पीठावरून दुसरी कोणती यावी?

दुसरे असे की हे गाणे देवाला उद्देशून नाही. ज्ञानदेवांचे पसायदान विश्वात्मक देवाकडे जीवांचे परस्पर मैत्र मागते. येथे मागणे माणसांकडेच आहे. क्रियापदे आज्ञार्थी आहेत. सोडा, पाहा, द्या. जनहो, हे तुम्ही करावयाचे आहे.

त्यातही शेवटच्या तीन आज्ञांचे मूळ पाहण्याजोगे आहे. बृहदारण्यक उपनिषदात कथा आहे. देव, मनुष्य आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही लेकरे त्याच्याकडे उपदेश मागावयास गेली. प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले, ‘द’. देवांनी त्याचा अर्थ घेतला दम, म्हणजे इंद्रियनिग्रह. मनुष्यांनी घेतला दान. असुरांनी घेतला दया. तिघांनाही प्रजापती ‘बरोबर समजलात’ असेच म्हणाला. आकाशात मेघ गडगडतो तो आजही हेच अक्षर तीनदा उच्चारतो, असे उपनिषद सांगते. (एलियट या इंग्रजी भाषेतील कवीने १९२२ च्या आपल्या प्रसिद्ध काव्याचा शेवट याच मेघगर्जनेवर केला, पहिल्या महायुद्धाने होरपळलेल्या युरोपाला हे अक्षर ऐकू आले होते म्हणावयाचे.) उपनिषदात मनुष्याच्या वाट्याला एकटे दान आले, परमाचार्यांच्या गीतात मात्र तिन्ही आज्ञा जनांनाच केल्या आहेत. असे का? आद्य शंकराचार्यांचे भाष्य उघडले की उलगडा होतो. देव आणि असुर म्हणून माणसांहून वेगळे कोणी येथे शोधू नका, असे आचार्य म्हणतात. गुणसंपन्न असूनही ज्यांना स्वतःवर ताबा नाही ते देव, लोभी ते मनुष्य, क्रूर ते असुर. म्हणजे तिघेही आपणच. मोठ्या राष्ट्रांस निग्रह हवा, संपन्नांस दातृत्व हवे आणि शस्त्रसज्जांस करुणा हवी. सभागृहात तेव्हा तिन्ही प्रकारचे श्रोते बसले असतील, याविषयी आम्हांस तरी शंका नाही.

आणि त्या वेळचे महासचिव कोण? ब्रह्मदेशाचे ऊ थांट, निष्ठावंत बौद्ध. त्यांच्या धर्मात मैत्री ही चार ब्रह्मविहारांतील पहिली. पतंजलींच्या योगसूत्रांतही मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा याच क्रमाने ती येते.

हे गाणे सुब्बुलक्ष्मी कशा गायल्या, ते ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. ज्या गायिकेला तीन सप्तकांत लीलया संचार करता येत होता, तिने येथे आपली विद्या जणू बाजूस काढून ठेवली आहे. तानांची आतषबाजी नाही, लयीशी खेळ नाही. सूर लागतो आणि शब्द स्वच्छ कानी पडतो. ‘सोडा’ ही आज्ञा खरी. पण तिच्यात दरडावणी नाही. भांडणाऱ्या लेकरांचे हात आईने धरावेत, तशी त्या स्वरात काकुळती आहे. कल्याणाच्या अखेरच्या शब्दापाशी स्वर असा ओथंबतो की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. संस्कृतचा गंध नसलेल्यांचेही. भक्ती म्हणजे काय, हे आम्ही ग्रंथांतून पुष्कळ वाचले आहे. ते कानांनी ऐकावयाचे झाल्यास ही पाच-सहा मिनिटे पुरेशी आहेत.

यावर व्यवहारी वाचक विचारील, गाण्याने युद्धे थांबली काय? थांबली नाहीत. व्हिएतनामचे युद्ध आणखी नऊ वर्षे चालले. १९७१ मध्ये आपल्या सीमेवरही रणवाद्ये वाजली. आजही जगात तोफा धडधडत आहेत आणि त्याच सभागृहात ठराव होत आहेत. आणि मग, शस्त्रपूजेच्या दिवशी युद्ध सोडण्याचे गीत कशाला, असाही प्रश्न येईल. त्याचे उत्तर गीतातच आहे. अन्यायाने दुसऱ्यावर चालून जाणे सोडा, असे ते म्हणते; चालून आलेल्यापुढे मान तुकवा, असे म्हणत नाही. पांडवांनी शमीवरून शस्त्रे उतरविली ती विराटाच्या गाई सोडविण्यासाठी. आमच्या घरात जे शस्त्र पूजिले जाते ते फुले वाहून पुन्हा खुंटीला लागावे, हीच पूजेमागची भावना आहे.

खरी अडचण युद्ध या शब्दाची नव्हे; ती ‘स्पर्धा’ या शब्दाची आहे. युद्ध सोडण्यास आपण सारे एका पायावर तयार असतो, कारण ते आपल्या हातात नसते. स्पर्धा मात्र रोजची. शेजाऱ्याहून मोठी गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर दारी आणावयाची, पलीकडच्या मंडळाहून आपल्या मंडळाचा ध्वनिक्षेपक मोठा हवा, भावाहून चार हात अधिक जमीन आपल्या नावे लागावी. देवीच्या नऊ रात्रींत आपण किती मंडपांत भक्ती पाहिली आणि किती मंडपांत चढाओढ, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. आचार्यांनी युद्ध आणि स्पर्धा एकाच दमात उच्चारली, ती उगाच नव्हे.

सुब्बुलक्ष्मींना १९७४ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो लोकसेवेसाठी. रुग्णालये, शाळा, देवस्थाने यांच्या मदतीसाठी त्यांनी आयुष्यभर केलेल्या मैफलींची ती पावती होती. १९९८ मध्ये भारतरत्न किताब आला. संगीतक्षेत्रात तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या. त्याआधीच्या वर्षी पती सदाशिवम गेले आणि त्यांनी जाहीर मैफली थांबविल्या. ११ डिसेंबर २००४ ला चेन्नईत त्यांचे देहावसान झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१६ मध्ये, ए. आर. रहमान यांनी त्याच सभागृहात गाऊन त्यांचे स्मरण केले.

आपट्याच्या पानांची कथा आपण मुलांना सांगतोच. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मुद्रा मागावयास रघुराजाकडे आला, तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या राजाकडे त्याच्या स्वागतासाठी मातीचे पात्र तेवढे उरले होते. कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. कौत्साने चौदा कोटींहून एक नाणे अधिक घेतले नाही, आणि रघूने उरलेले परत कोठारात ठेवले नाही. घेणाऱ्याचा निग्रह आणि देणाऱ्याचे दान, दोन्ही एकाच झाडाखाली उभे राहिले; उरलेले सोने गावाने लुटले. आज सायंकाळी मुले पाने घेऊन परतली की ही कथा पुन्हा एकदा सांगावी, आणि घरी सोय असेल तर मागोमाग ते गाणेही लावावे. मुलांना त्यातली तिसरी गोष्ट कोणती, ते विचारून पाहावे.