पोटाच्या रक्तवाहिन्या आणि ‘स्पेक्ट्रल सीटी’

अंबाडी नाक्याजवळच्या एखाद्या पाड्यावर साठी उलटलेल्या माणसाच्या पोटात रात्री अचानक असह्य कळ येते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरचे ओवा देतात. सकाळी दवाखान्यात आम्लपित्ताचे इंजेक्शन मिळते. बहुतेकांना तेवढ्याने बरेही वाटते. पण क्वचित या दुखण्यामागे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडकलेली गुठळी असते. अशा वेळी सुरुवातीला पोट हाताला मऊ लागते आणि रुग्ण मात्र तळमळत असतो. रक्त तुटलेले आतडे काही तासांत मरू लागते. निदानाला उशीर झाला, तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत या धमन्या बऱ्याचदा नीट दिसत नाहीत. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. साधा सीटी स्कॅन क्ष-किरण किती अडले एवढेच मोजतो. त्यामुळे धमनीच्या भिंतीतील कॅल्शियम आणि रक्तातील आयोडीन दोन्ही पांढरेच दिसतात. स्पेक्ट्रल सीटी क्ष-किरणांच्या कमी आणि जास्त ऊर्जेची माहिती वेगवेगळी टिपतो. प्रत्येक पदार्थ या ऊर्जांना वेगळा प्रतिसाद देतो. त्यावरून संगणक कॅल्शियम व आयोडीन निराळे ओळखतो. ही कल्पना सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी १९७३मध्येच मांडली होती. दोन क्ष-किरण नळ्यांचे यंत्र मात्र २००६च्या सुमारास रुग्णालयांत आले.

त्याचे फायदे ठोस आहेत. कमी ऊर्जेच्या प्रतिमेत आयोडीन अधिक ठळक दिसते, म्हणून औषध कमी लागू शकते. मधुमेहामुळे मूत्रपिंडे अशक्त झालेल्यांसाठी हे महत्त्वाचे. आतड्याच्या कोणत्या भागात रक्त पोहोचत नाही, हे आयोडीनच्या रंगीत नकाशावर उमटते. फुगलेल्या महाधमनीत स्टेंट बसवल्यानंतर बाहेर रक्त झिरपते का, हेही अधिक स्पष्ट कळते.

तरीही यंत्राच्या नावाने भुलून जाऊ नये. गुठळी शोधण्याचे बहुतांश काम साधी सीटी अँजिओग्राफी वेळेवर केली तर चोख होते. स्पेक्ट्रल यंत्र शोधत मोठ्या शहरात फिरण्यात सहा तास गेले, तर अधिक सुंदर चित्रात मेलेले आतडेच दिसेल. भिवंडी-वाडा रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या रुग्णासाठी अंतर आणि वेळ हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून मागणी दोन गोष्टींची हवी. तालुक्याच्या पातळीवर रात्रीही सीटी अँजिओग्राफी व्हावी आणि तिच्या प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाने तासाभरात वाचाव्यात. महागडी स्पेक्ट्रल यंत्रे मोठ्या सरकारी रुग्णालयांत असावीत. गुंतागुंतीचे रुग्ण तिथे थेट पाठवता यावेत.

घरच्यांनीही एवढे लक्षात ठेवावे : हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या, मधुमेही किंवा वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीच्या पोटात अचानक तीव्र कळ आली आणि ती थांबेना, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आधीचे आजार, चालू औषधे आणि कळ किती वाजता सुरू झाली, हे डॉक्टरांना आधी सांगावे. यंत्र कितीही हुशार असले, तरी गेलेला वेळ त्याला परत आणता येत नाही.