प्रेरणेपेक्षा तगादा बरा

महिन्याभरात कादंबरी लिहून पुरी करायची, हा खेळ 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी या गृहस्थाने आणखी वीस जणांना गोळा करून सुरू केला. पहिल्या वर्षी महिना जुलैचा होता, दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबर ठरला. तीस दिवस, पन्नास हजार शब्द. ‘नॅनोरायमो’ नावाचा हा खेळ चालवणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये गाशा गुंडाळला, पण खेळ काही संपलेला नाही. मराठीत लिहू पाहणारेही असे संकल्प सोडतात, आणि काही जण दुसऱ्या आठवड्यात ते खरोखरच सोडतात. मग सगळी चर्चा एका शब्दाभोवती फिरते: प्रेरणा. ती का आटली, कशी टिकवावी, भिंतीवर कोणते वाक्य चिकटवावे, रोजच्या शब्दांचा आलेख कसा रंगवावा. हे निदानच मला चुकीचे वाटते. दहाव्या दिवशी लेखणी थांबते, कारण त्या दिवशीच्या पानाची वाट जगात कुणीच पाहत नसते. प्रेरणेच्या जागी आपल्याकडचा जुना, जरा बदनाम शब्द ठेवून पाहावा: तगादा.

आधी त्या आकड्याचा समाचार घेऊ. पन्नास हजारांना तीसने भागले की रोजचे 1,667 शब्द येतात, आणि मराठी लेखक तो आकडा जसाच्या तसा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. तो इंग्रजीच्या मापाने बेतलेला आहे. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून बसतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा मोजायला एक शब्द. तेवढेच सांगायला इंग्रजीला पाच-सहा शब्द खर्ची घालावे लागतात. म्हणजे मराठीतले पन्नास हजार हा बराच उंच डोंगर झाला. फुलस्केपच्या एका बाजूवर अडीचशे शब्द धरले तरी रोज साडेसहा-सात बाजू. दिवसभर नोकरी करून रात्री हे ज्याला झेपत नाही त्याच्यात उत्साह कमी आहे असे म्हणणे, म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल चावली म्हणून पायाला दोष देणे. महिन्याचेही तेच. नोव्हेंबरात इकडे दिवाळी असते किंवा नुकतीच उरकलेली असते, आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागाईतदाराच्या घरात तर तेव्हा फवारणी आणि विरळणीपुढे दुसरे काही सुचत नाही.

पण आकडा मराठी मापाचा करून घेतला तरी एक अडचण उरतेच. आकड्याला कुतूहल नसते. पुढे काय झाले, असे तो विचारत नाही. मराठी कादंबरीला असे विचारणारे लहानपणापासून लाभले. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात क्रमशः येऊ लागली. पुढचे प्रकरण मनात केव्हा उगवते याची वाट पाहण्याची चैन त्यांना नव्हती. छापखान्याला मजकूर हवा असे आणि वाचणाऱ्या घरांना कादंबरीच्या नायिकेचे, यमूचे, पुढे काय होते ते हवे असे. 1909 मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, आणि संपादकाचा तगादा हा मराठी लेखकाचा पावसाळी पाहुणाच होऊन बसला. बाहेरचा दाखला हवा असेल तर दस्तयेव्स्कीचा आहे. ‘जुगारी’ ही कादंबरी त्याने 1866 च्या ऑक्टोबरात 26 दिवसांत तोंडी सांगून पुरी केली. 1 नोव्हेंबरपर्यंत हस्तलिखित न दिल्यास पुढची नऊ वर्षे आपल्या लेखनावर प्रकाशकाचा हक्क, असा करार तो करून बसला होता. पण करार तर आदल्या वर्षीचा. त्याच्या धाकाने तोवर एक ओळही झाली नव्हती. कादंबरी सुरू झाली ती अ‍ॅना स्नित्किना ही विशीतली लघुलेखिका दारात आली तेव्हा. दिवसा लिहून घ्यायचे, घरी जाऊन स्वच्छ प्रत करायची, दुसऱ्या दिवशी ती घेऊन हजर. वर्षभराच्या भीतीला जे जमले नाही ते रोज येणाऱ्या एका माणसाने जमवले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घाईत लिहिलेले कच्चे राहते, ‘ययाती’ काही महिन्यात झाली नाही. खरे आहे. आणि उलट बाजूने जे ‘कोसला’चे नाव पुढे करतात त्यांचेही मला पटत नाही, नेमाड्यांनी ती 1963 साली काही आठवड्यांत लिहिली, पण त्या आठवड्यांच्या मागे पंचविशीपर्यंतचे सगळे जगणे-वाचणे साठलेले होते. मात्र महिन्याने पुस्तक द्यावे, ही अपेक्षाच कुणी करायला सांगितली? द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटवे येतात, पाने येतात, काडी तयार होते. त्या हंगामात फळ घ्यायचेच नसते. पण त्याच दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होत असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बाहेर येतो तो हाच. मे महिन्यात वेलावर द्राक्षे नाहीत म्हणून नाशिक जिल्ह्यात कुणी बाग उपटत नाही. महिन्याभराचा खर्डा ही खरड छाटणी आहे, आणि त्या खर्ड्याला कच्चा म्हणून हिणवणारा माणूस मेमध्ये घड मागतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तगाद्याने साचा तयार होतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. इतक्या मागणीपुढे त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड सवयीनेच चालू लागणार. शिवाय खुद्द हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, म्हणजे तगादा हा काही हमखास इलाज नव्हे. हे मी निम्मे मान्य करतो. बाजाराचा तगादा ‘पुन्हा तसेच’ असे म्हणतो, समोर बसलेल्या ऐकणाऱ्याचा ‘मग?’ असे म्हणतो. आणि तसेच पुन्हा आले तर तो जांभई देतो. साच्यावर या जांभईइतके जालीम औषध माझ्या माहितीत नाही. उरला एकांताचा मुद्दा. लिहावे एकट्याने, याबद्दल वाद नाही. वाट मात्र दुसऱ्यानेच पाहावी लागते. स्वतःची वाट स्वतः पाहणाऱ्याला सवलत द्यायला कितीसा वेळ लागतो?

नाशिकला हे निराळे शिकवायला नको. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिनाभर वसंत व्याख्यानमाला चालते. रोज संध्याकाळी माणसे येऊन बसतात, म्हणून वक्त्याला बोलावेच लागते. आज सुचत नाही ही सबब तिथे चालत नाही. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय सांभाळणाऱ्या या गावात कादंबरीसाठी तिघे जण जमणे अवघड नसावे. महिना मे घ्यावा, शब्द मोजू नयेत. प्रत्येकाने रोज दोन पाने लिहावीत आणि संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवावीत. ज्याचे काहीच झाले नसेल त्यानेही यावे आणि रिकाम्या हाताने बसून उरलेल्या दोघांचे ऐकावे. ती शिक्षा पुरेशी आहे. ऐकणाऱ्याने ‘मग?’ एवढेच विचारावे, चांगले-वाईट बोलू नये. कात्री चालवायला ऑक्टोबर पडला आहे.