दाखला कोणाचा?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातील मजूर कुटुंबे मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांची वाट धरतात. नव्या ठिकाणची शाळा दाखला मागते. शहरात बिऱ्हाड हलविणाऱ्या कामगाराच्या मुलाचीही हीच गत होते. जुनी शाळा थकलेल्या शुल्काकडे अथवा मुख्याध्यापकांच्या रजेकडे बोट दाखविते आणि या टोलवाटोलवीत मूल घरी बसते.

कायदा मात्र निःसंदिग्ध आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार सहा ते चौदा वर्षांच्या बालकास कोणत्याही कारणास्तव सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागता येते. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. विलंब करणारे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. महत्त्वाचे म्हणजे, दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही.

संस्थाचालकांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शुल्कातूनच निघते, हे खरे. परंतु थकबाकी हे पालकांचे देणे आहे, मुलाचे नव्हे. ती वसूल करण्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. दाखला म्हणजे सावकाराघरी ठेवलेले गहाण नव्हे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक मंजूर होऊ शकले नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. इतक्या प्रदीर्घ प्रवासानंतर लाभलेला हक्क शाळेच्या कचेरीच्या खिडकीशी अडावा, हे लाजिरवाणे आहे.

पालकांना स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. पण तीन महिन्यांत शाळेचे एक सत्र सरत येते आणि हातावर पोट असलेल्या मजुराला रोज बुडवून खेटे घालणे परवडत नाही. तेव्हा खरा उपाय खिडकीच्या आतील बाजूसच आहे. मुलाला आधी वर्गात बसवावे आणि दाखला शाळेनेच मागाहून मागवून घ्यावा. एवढे करण्यास नवा कायदा नको. आहे तो कायदा शिक्षकांनी व लिपिकांनी वाचला, तरी पुरे.