चूक विद्यापीठाची, वर्षं मात्र कर्मचाऱ्याची!

सरकारी विद्यापीठाने प्राध्यापकाला काढलं की लोक म्हणतात, 'जा ना हायकोर्टात!' अहो, पण कोर्ट तिथे नक्की काय बघतं? बी. सी. चतुर्वेदी खटल्यात (१९९५) सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय : हे अपील नव्हे. निर्णय बरोबर की चूक हे नाही, तो कसा घेतला ते तपासायचं. खटला सरकारी अधिकाऱ्याचा, पण विद्यापीठांनाही तोच न्याय.

तत्त्व मान्य. प्रत्येक चौकशी न्यायाधीशांनी पुन्हा करावी असं कोण म्हणतंय? पण पुढची गंमत बघा. करुणाकर निकालानुसार (१९९३) चौकशी अहवाल कर्मचाऱ्याला द्यायलाच हवा. न दिल्याने त्याचं नुकसान झालं, तर शिक्षा रद्द. मग? त्याला कागदोपत्री कामावर घ्यायचं, निलंबित करायचं आणि चौकशी तिथूनच पुढे चालू!

प्रेमनाथ बाली खटल्यात (२०१५) हेच कोर्ट म्हणालं, चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर वर्षात संपवा. मग फेरचौकशीच्या प्रत्येक आदेशात तशी मुदत घाला ना! मुदत उलटली की चौकशी बाद, पगार चालू. डेडलाइन नसलेलं प्रोजेक्ट कधी संपतं, ते आम्हा आयटीवाल्यांना विचारा.