ज्या शाळेत अवघड विषयच नाही, तिथे गुणवत्ता कशी मोजणार?

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असते. तिथल्या मुलांना दरवर्षी एक प्रश्न छळतो. अवघड विषय घेऊन ‘बी’ श्रेणी पत्करावी, की सोपा घेऊन ‘ए’ मिळवावी? नामवंत विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांकडे याचे ठरलेले उत्तर असते : अवघड विषय घ्या आणि त्यात ‘ए’ मिळवा! सभागृहात हशा पिकतो. परंतु ज्या मुलीच्या शाळेत तो अवघड विषय शिकवलाच जात नाही, तिने या विनोदावर कसे हसावे?

हा हिशोब आधी समजून घेतला पाहिजे. ‘ए’ला 4, ‘बी’ला 3, ‘सी’ला 2 अंक धरून सरासरी काढतात. त्यात 1955 पासून कॉलेज बोर्ड ही संस्था ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपी हे महाविद्यालयीन पातळीचे विषय हायस्कूलमध्ये चालवते. बर्कले, लॉस एंजेलिस वगैरे संकुले असलेले कॅलिफोर्निया विद्यापीठ अशा विषयात ‘सी’ किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळाल्यास एक अंक जादा देते. म्हणजे एपीतला ‘बी’ हा साध्या वर्गातल्या ‘ए’च्या बरोबरीचा. ही सवलत फक्त आठ सत्रांपुरती, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांपुरती. वरकरणी हिशोब न्याय्य वाटतो. कष्ट करणाऱ्याला मोबदला मिळतो, मग तक्रार कसली?

तक्रार 1999 मध्ये न्यायालयात गेली. लॉस एंजेलिसलगतच्या इंगलवूडमधील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांनी नागरी हक्क संघटनेच्या मदतीने राज्य सरकारवरच दावा लावला. त्यांच्या शाळेत एपीचे तीनच विषय होते. गणित आणि विज्ञानाचा एकही नव्हता. जवळच्याच श्रीमंत बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत चौदा विषय होते. आता दोन्हीकडच्या मुलांची सरासरी शेजारी ठेवा आणि गुणवत्ता ठरवा!

आपल्याला यात नवल वाटू नये. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. फारसी घ्यावी लागली. तिथे नकार माणसाच्या तोंडून आला होता, इंगलवूडमध्ये तो वेळापत्रकातून आला. अर्ज तपासणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणी एवढेच दिसते की या विद्यार्थ्याने तो विषय घेतलेला नाही.

विद्यापीठे म्हणतात, आम्ही मुलाची तुलना त्याच्याच शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांशी करतो. काही प्रमाणात ते खरे आहे. पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कॅल्क्युलस शिकून आलेली मुले शेजारी बसतात तेव्हा ही सहानुभूती कामाला येत नाही.

शिवाय आता या प्रश्नाचे वजन वाढले आहे. कॅलिफोर्नियात 1996 च्या जनमतानंतर सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंश पाहता येत नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात तोच दरवाजा देशभर बंद केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2021 मध्ये प्रवेशासाठी एसएटीचे गुण पाहणेही सोडले. मग उरले काय? शाळेतल्या श्रेणी आणि घेतलेले विषय. म्हणजे फिरून प्रश्न शाळेवरच आला.

बारावीत कॅल्क्युलस हवे असेल तर साधारणपणे आठवीत बीजगणित व्हावे लागते. तेरा वर्षांच्या पोराचे भवितव्य तिथेच ठरते. सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये समतेच्या नावाखाली आठवीतले बीजगणित सर्वांसाठीच नववीत ढकलले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बाहेर शिकवणी लावली. गरिबांची वाट तेवढी अडली. अखेर 2024 मध्ये मंडळाला ते परत आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. रोग बरोबर ओळखला होता, पण औषध चुकले. वरचा वर्ग बंद करून समता येत नसते, तो खालच्यांसाठी उघडावा लागतो.

तो उघडून दाखवला पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधील हायमे एस्कलांते या बोलिव्हियाहून आलेल्या शिक्षकाने. मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. 1982 मध्ये 18 जणांनी एपी कॅल्क्युलसची परीक्षा दिली आणि अठराही उत्तीर्ण झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने 14 जणांवर कॉपीचा संशय घेतला. या वस्तीतल्या मुलांना हे जमलेच कसे? 12 जणांनी पुन्हा परीक्षा दिली. बाराही उत्तीर्ण! ‘हे मार्क तुझे स्वतःचे का?’ हा प्रश्न ऐकलेल्यांना त्या मुलांच्या मनात काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको. एस्कलांतेंनी जादूची कांडी फिरवली नव्हती. खालच्या इयत्तांपासून बीजगणित पक्के करून घेतले, शाळेआधी, शाळेनंतर आणि उन्हाळ्यात वर्ग चालवले. 1987 मध्ये त्याच शाळेतून 73 विद्यार्थी या परीक्षेत उत्तीर्ण झाले.

आपली अनेक कुटुंबे आज कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत. मुलांवर दहा-दहा एपी लादण्याच्या शर्यतीत त्यांनी पडू नये. आठ सत्रांपुढे जादा अंक मिळत नाही आणि ‘डी’ला तर मुळीच नाही. झेपतील असे तीन-चार अवघड विषय नीट करावेत. शाळेला सातवीतच विचारावे की आठवीत बीजगणित आहे का. शाळेत एपी नसेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात तसा विषय घेता येतो. तो विद्यापीठाने मान्य केलेला असेल तर त्यालाही जादा अंक मिळतो. ही माहिती श्रीमंत वस्तीतल्या शाळेत समुपदेशक घरी कळवतो, इंगलवूडसारख्या ठिकाणी ती आईबापांनाच शोधावी लागते.