मौनाची वर्गणी

साप्ताहिकाची वर्गणी संपली की अंक बंद होतो. वाचकाला तो पुन्हा हवासा वाटला तर तो आपण होऊन पैसे पाठवितो. मोबाइलवरील नव्या व्यापाराने वर्गणीचा हा अर्थच उलटा केला आहे. पहिला महिना फुकट म्हणून धुळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने होकाराचे बटण दाबले की पुढे त्याचे मौन हाच होकार ठरतो, आणि दरमहा त्याच्या खात्यातून पैसे वळते होत राहतात. आत शिरण्यास एक बोट पुरते. बाहेर पडावयाचे तर आडबाजूला दडविलेले, बहुधा इंग्रजीतले, बटण हुडकीत बसावे लागते.

याला व्यापारी चातुर्य म्हणण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसविणाऱ्या १३ क्लृप्त्या नमूद आहेत, आणि वर्गणीचा सापळा ही त्यांतलीच एक होय. रद्द करण्याची वाट लपविणे वा लांबविणे तेथे निषिद्ध ठरविले आहे. मग सरकारने केले काय? जून २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितले की, तीन महिन्यांत तुम्हीच आपली तपासणी करा! सावकाराची वही सावकारानेच तपासावी, हा न्याय खानदेशातील कापूसवाल्या शेतकऱ्याला सांगून पाहावा.

तोवर हाती आहे ते वापरले पाहिजे. अ‍ॅप काढून टाकले की वर्गणी थांबते, ही समजूत महागात पडते. पैसे कापण्याची कायम संमतीच मागे घ्यावी लागते. यूपीआयवर ती ‘ऑटोपे’खाली सापडते, कार्डावरची असल्यास बँकेकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास सूचना आली पाहिजे, आणि तेव्हाच नकार देण्याची सोयही असली पाहिजे. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील एक तरतूद आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कंपनी बंगळुरूची असो की मुंबईची, ग्राहक जेथे राहतो तेथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क पडत नाही. दोनशे रुपयांसाठी कोण आयोगाची पायरी चढणार, याच हिशेबावर हा सारा धंदा उभा आहे. जळगाव व धुळ्याच्या ग्राहकांनी तो हिशेब चुकवावा. वकील केलाच पाहिजे असे नाही. बँकेचा उतारा आणि रद्द करण्याच्या खटपटीची पडद्यावरची छायाचित्रे मात्र जपून ठेवावीत.