औषधाचा भाव विचारण्यात लाज कसली?

आमच्या पाटोद्याच्या बाजारात दोन मीटर पॉपलीन घेणारे गिऱ्हाईकसुद्धा भाव केल्याशिवाय उठत नाही. कापडाला हात लावून पाहील, पन्हा विचारील, शेजारच्या दुकानातला भाव ऐकवील आणि दहा रुपये कमी करूनच पैसे काढील. तेच गिऱ्हाईक मेडिकलवर गेले की चिठ्ठी पुढे सरकवते आणि सांगतील तो आकडा मुकाट्याने मोजते. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी एकदा लागली की बहुतेकांना ती जन्मभर चालवावी लागते. शिलाईवर बसणारे, गाद्या भरणारे, वेल्डिंग करणारे आमचे कितीतरी कारागीर भाऊ महिनाअखेरीला हीच गोळी दिवसाआड घेतात. त्यात चार पैसे वाचतात, पण उद्या लकवा झाला किंवा किडनी गेली तर दुकानच विकावे लागते.

काही बंधू म्हणतात, विमा असता तर ही पाळी आली नसती. विमा जायज की नाजायज हा उलेमांचा विषय, त्यात आम्ही पडत नाही. हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. आपल्याकडे 1986 पासून चालत आलेली मेडिक्लेम ही मुख्यतः दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे छत्र 2024 पासून पाच लाखांचे झाले, तेही ऑपरेशन आणि भरतीच्या उपचारासाठीच. तिचे कार्ड जरूर काढावे. पण घरी बसून रोज घ्यायची गोळी साध्या पॉलिसीत बसत नाही, ती रोखीनेच घ्यावी लागते.

आणि रोखीचे गिऱ्हाईक कमजोर असते असे कोणी समजू नये. अमेरिकेत तर विमा असलेल्यालाच कित्येकदा औषध महाग पडत होते. विमेदाराने भरायचा हिस्सा औषधाच्या रोख किमतीपेक्षा जास्त, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नाही असे करार दुकानदारांवर लादलेले! ती तोंडबंदी 2018 साली कायदा करून उठवावी लागली.

आता आपल्याकडचे गणित पाहू. आम्हा कापडवाल्यांना ते लवकर समजेल. भिवंडीच्या एकाच लूमवरचे कापड दोन छाप मारून दोन भावांनी विकले जाते, हे आपल्याला नवीन नाही. औषधातही तेच आहे. हिमाचलातल्या बद्दीसारख्या ठिकाणी एकच कारखाना अनेक कंपन्यांच्या नावाने गोळ्या बनवून देतो. सरकारने 2013 च्या आदेशाने ज्या औषधांची कमाल किंमत बांधली, त्यांत किरकोळ दुकानदाराचा नफा 16 टक्के धरला आहे. बाकीच्या औषधांची पहिली किंमत कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, पुढे वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. आणखी एक खुबी अशी की काही जेनेरिक पाकिटांवर किंमत नामांकित छापाच्या जवळपास छापतात, पण दुकानदाराला माल फार खाली देतात. समजा छापील किंमत साठ रुपये आणि दुकानदाराची खरेदी पंधरा, तर न विचारणारा साठ देतो, विचारणारा तीसमध्ये घेऊन जातो. मेडिकलवाले आमचे बाजारातले शेजारी आहेत, त्यांनीही नफा घ्यावा, पण भाव विचारला म्हणून रागावू नये. नुसते ‘जेनेरिक द्या’ म्हणून मात्र भागत नाही, किंमतही विचारावी लागते.

विचारायचे कसे? सप्टेंबर 2018 पासून पाकिटावर औषधाचे मूळ नाव छापाच्या नावापेक्षा ठळक छापण्याचा नियम आहे. ते नाव मुलाकडून वाचून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मूळ नाव लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये काढला होता, पण त्याच महिन्यात तो स्थगित झाला. म्हणून ते काम आपल्यालाच करावे लागेल. डॉक्टरसाहेब, मूळ नावही लिहा, एवढे अदबीने म्हटले तर बहुतेक डॉक्टर लिहितात. 2008 साली अमृतसरपासून सुरू झालेली जनऔषधी केंद्रे आज देशात पंधरा हजारांच्या वर आहेत, तिथे याच नावाने औषध मिळते आणि ते नामांकित छापापेक्षा निम्म्याने किंवा त्याहूनही स्वस्त पडते. बीडला तारखेला किंवा माल आणायला जाणाऱ्याने घरची चिठ्ठी खिशात ठेवली तर वेगळे भाडे पडत नाही. सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही, 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाने उपचार मोफत केले आहेत. तिथे गोळी शिल्लक असेल तर खिशात हात घालायची गरजच नाही.

स्वस्त गोळी लागू पडेल का, ही शंका रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयाला बनावट गोळ्या पुरवल्याचे प्रकरण डिसेंबर 2024 मध्ये बाहेर आले. पण बनावट माल नेहमी स्वस्ताच्याच वेष्टनात येतो असे नाही, महाग छापाचीच नक्कल करण्यात जास्त कमाई असते. यावर उपाय म्हणजे बॅच नंबर टाकलेले पक्के बिल घेणे, जे आपण जीएसटीच्या भीतीने का होईना, कापडावर घेतोच. मिरगी, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये. तिथे थोडा फरकही अंगाशी येतो.

आमच्या उधारीच्या वहीतली बरीच गिऱ्हाइके दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्या घरात साखरेचा किंवा दम्याचा रोगी असेल, तर उचल हाती येताच दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन ठेवाव्यात आणि मूळ नावाच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत न्यावी. कारखान्याच्या गावी आपल्या डॉक्टरांचा छाप मिळेल न मिळेल. मूळ नाव दाखवले तर तिथले डॉक्टर त्यावरून दुसरी चिठ्ठी देऊ शकतात.